दाखवणीचा बांध

सुपावर काठी मारल्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा आजोबांच्या खांद्यावर बसलो होतो. ढप, ढप, ढप. सगळं गाव तळ्याकडे चाललं होतं. मला वाटलं कुणाच्या घरात काही शिरलं असेल. सूप वाजवतात ते नको ते हाकलायला. आजोबा म्हणाले, "पूर्वी हाकललंच होतं रे. आता बोलावतात."

तुम्ही बसलात तो हाच बांध. आमच्या कुडवण्यात कुणी कलाकार येऊन राहिला, महिना राहो की चार महिने, तर जाण्याआधी त्याने इथे केलेलं सगळं काम या बांधावर मांडायचं आणि गावाने ते बघायचं. त्याशिवाय एक कागद वेशीबाहेर जात नाही. याला दाखवण म्हणतात. मी दोन इयत्ता शिकलेला माणूस. जसं ऐकलं तसं सांगतो.

खोतांचा अंमल होता तेव्हाची गोष्ट. दिवाळीनंतर भानजी नावाचा चित्रकथी बायकोला घेऊन इथे आला, असं सांगतात. चित्रकथी म्हणजे एकेक चित्र समोर धरून रामकथा गाणारा. त्याची जुनी चित्रं वाळवीने खाल्ली होती. नवी झाल्याशिवाय पुढच्या गावात त्याला कुणी दारात उभं करणार नव्हतं. गावाने देवळाच्या पडवीत जागा दिली. संध्याकाळी भानजी कथा सांगे. दिवसा तो वरच्या कातळावर बसून चित्रं काढी, आणि बायको तुळसा बांधाजवळची तांबडी माती चाळून, पाला कुटून रंग करी.

लोकांना कथा आवडत. माणसं मात्र आवडली नाहीत. हा कातळावर बसून दिवसभर काय बघतो? ती माती का नेते? एकदा बायकांनी विचारलं, तेव्हा तुळसा सरळ मनाने म्हणाली, "ह्यांना पंचवटी काढायचीय. तुमचं तळं फार छान आहे, तेच उतरवून घेतायत."

झालं. त्याच महिन्यात तळं उतरायला लागलं. पौषात पाणी सातव्या पायरीला असायचं, ते अकराव्या पायरीखाली गेलं. हिवाळ्यात तळ्याच्या पाण्यावर आम्ही भात लावतो, वायंगण म्हणतात त्याला. ते पिवळं पडू लागलं.

"उतरवून घेतलं म्हणालीच होती ती," एकजण म्हणाला.

"माझ्या म्हशीकडे पण बघत होता गो तो," दुसरी म्हणाली. "दूध कमी झालंय."

"तुझी म्हैस म्हातारी झालीय, काकी."

हसले सगळे, पण संशय गेला नाही. खोत म्हणाला, "कागदावर गेलेलं पाणी कागद धुतल्यावरच परत येईल." लोकांना ते पटलं. सुपं वाजवत गाव देवळात गेलं आणि दोघांना चित्रांसकट तळ्यावर आणलं.

भानजीने हात जोडले, म्हणे. "कातळावरनं दिसलं ते काढलं, बाबांनो. एवढ्यावर आमचं वर्ष आहे." कुणी ऐकलं नाही. खोत वरच्या पायरीवर उभा होता. तुळसा एकेक चित्र भानजीच्या हातात देई आणि तो पाण्यात उतरून ते धुई. दोन महिन्यांचं काम. सीता गेली, जटायू गेला, लंका गेली. पायऱ्यांजवळचं पाणी तांबडं झालं.

शेवटी पंचवटी निघाली. पायरीवर आवडी बसली होती, गवत कापून विकणारी म्हातारी. गावातलं कुठलं गवत कधी वाळतं, हे तिला तोंडपाठ. तिने चित्राची कड धरली.

"ही पर्णकुटी. हे तळं. आणि बांधाखाली हे हिरवंगार काय? पौषात?"

"सुपारीची बाग," भानजी म्हणाला.

"आणि ही निळी रेघ?"

"तळ्यातनं बागेत जाणारा पाट."

बांधाखाली सुपारीची बाग एकच होती. खोताने त्याच वर्षी लावलेली, भोवती पुरुषभर उंच दगडी गडगा. आत पाणी कुठून येतं हे गावात कुणी पाहिलंच नव्हतं. ते फक्त कातळावरून दिसत होतं.

"बुडव ते," खोत म्हणाला.

भानजीने आवडीकडे पाहिलं. तिची पकड सैल झाली होती. किती झालं तरी खोताच्या जमिनीत राहणारी बाई. चित्र पाण्यात गेलं आणि निळी रेघ सगळ्यांच्या देखत विरघळली.

तेव्हा आवडी उठली आणि कातळाची वाट चढू लागली. तिच्यामागे एक, मग दोन, मग अर्धं गाव. वर जाऊन त्यांनी खाली पाहिलं. चित्रात होतं तसंच होतं. बांधाच्या पोटाला भोक पाडून पाट नेलेला.

त्याच दुपारी गावाने गडगा पाडला आणि पाट बुजवला. पाणी थांबलं, काही वायंगण वाचलं. मग लोक तळ्यावर परत आले. भानजी कोरे, ओले कागद गोळा करत होता. गावकरी म्हणाले, "चुकलं आमचं. राहा. कागद आम्ही देतो, रंग देतो." भानजी थांबला असता, असं सांगतात. तुळसाने गाठोडं डोक्यावर घेतलं आणि ती चालू लागली. तोही मागोमाग गेला. पुन्हा ती दोघं या भागात कुणाला दिसली नाहीत.

तेव्हापासून दाखवण सुरू झाली. आजही इथे कुणी 'चित्र उतरवलं' म्हणत नाही, 'काढलं' म्हणतात. आजही दाखवणीचं सूप खोतांच्या घरचा माणूस वाजवतो. लोक बघतात, पण वाहवा करत नाहीत. बोट ठेवून विचारतात, हे कुठलं, हे इथे कसं. बाहेरच्यांना वाटतं, आम्ही कलाकारावर संशय घेतोय. आम्ही एकमेकांवर घेत असतो.

गेल्या साली मृण्मयी नावाची मुलगी दोन महिने राहिली होती. मातीची छोटी छोटी घरं करायची. बडबडी फार, माझ्या पडवीत बसली की चहा निवायचा. तिची दाखवण झाली. सगळ्यात म्हातारा म्हणून शेवटचं विचारायचं माझ्याकडे आलं. मी रीतीप्रमाणे विचारलं, "पाहिलं आम्ही, बाय. राग नाही ना?"

तुळसाने गावाला उत्तर दिलं नव्हतं, म्हणून याला उत्तर द्यायचं नसतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं, खोतांच्या पोराच्या हातातल्या सुपाकडे बघितलं, आपली घरं टोपलीत भरली, आणि बांधावरून निघून गेली.