हातातनं पडला तर

कोल्हापूरच्या उद्यमनगरात स्पेअर पार्टवाल्या आण्णाशेठच्या शब्दावर शंका घेणारं गिऱ्हाईक अजून जन्मलं नव्हतं. सत्यजितच्या जुन्या टर्बो गाडीचं इंजिन ओतीव पिस्टन फुटून बसलं होतं. आता त्याला घडीव, म्हणजे फोर्ज्ड पिस्टन हवे होते आणि तेही परवडणारे.

"हे घे, अस्सल फोर्ज्ड. तू घरचा, म्हणून निम्म्या भावात!" आण्णाशेठ म्हणाले.

सत्यजितची नवी नवरी रेवती त्याच्या शेजारीच उभी होती. पिस्टन बघायला तिनं हिरव्या चुड्याचा हात पुढं केला, तसे शेठ खेकसले, "ओ वहिनी, ठेवा खाली! हे काय लाटणं हाय व्हय? हातातनं पडला तर तुकडे होतील!"

दुकान खदखदून हसलं. रेवतीची कानशिलं तापली, पण आवाज चढला नाही.

"शेठ, माझ्या हातातनं पडून ज्याचे तुकडे होतात, तो टर्बोचे तडाखे कसे सोसणार? घडीव असेल तर फार तर पोचा येईल. तुम्हीच टाकून दाखवा की!"

शेठनी पिस्टन टाकला नाही. तो बाजूला सारून आतल्या कपाटातला दुसरा डबा आणला.

"भाव मघाचाच ना?" रेवतीनं विचारलं.

"मघाचाच," शेठ घसा खाकरत म्हणाले. "घ्या वहिनी, हातात घेऊन बघा."