तिसऱ्या संध्याकाळची प्रार्थना

एका गावच्या चर्चमध्ये वृद्ध पाळकांच्या हाताखाली एक तरुण उपदेशक शिकत होता. गुणी होता, पण तरुणच. समोरच्याचे दुःख आपण तासाभरात दूर केलेच पाहिजे, असे त्याला वाटे.

त्या गावी एस्तेरबाई नावाच्या विधवेची नऊ वर्षांची एकुलती एक मुलगी तापाने गेली. दफनानंतर तीन संध्याकाळी त्या घरी प्रार्थना करायची, अशी तिथल्या ख्रिस्ती मंडळीची रीत. पहिल्या संध्याकाळी शिष्य गेला. त्याने पुनरुत्थानाचे गीत सुरू केले, वर टाळ्याही वाजवायला लावल्या. लेकरू प्रभूजवळ आहे, विश्वासणाऱ्याने रडायचे नसते, आनंद करायचा असतो, असे त्याने त्या माउलीला बजावले. एस्तेरबाई उठल्या.

“माझ्या घरात आता देवाचं नाव काढू नका,” एवढे बोलून त्यांनी आतले दार लावून घेतले. लेक गेल्यापासून त्या अन्नाला शिवल्या नव्हत्या.

दुसऱ्या संध्याकाळी शिष्याला घेऊन पाळक स्वतः गेले. ना शास्त्र उघडले, ना प्रार्थना केली. ओसरीवर बसले आणि ढसाढसा रडले. म्हातारा पार खचला, असे लोक कुजबुजले. शिष्याला तर मेल्याहून मेल्यासारखे झाले.

तिसऱ्या संध्याकाळीही तेच. बऱ्याच वेळाने दार उघडले. एस्तेरबाई पाळकांशेजारी येऊन बसल्या, रडल्या, देवाला नाही नाही ते बोलल्या. पाळकांनी अडवले नाही. शेवटी हुंदके देतच त्या म्हणाल्या, “नऊ वर्षं माझ्या मांडीवर दिलीस, बापा. तुझे उपकार.” मग शेजारणीने आणलेली पेज त्यांनी घेतली.

परतताना शिष्याने विचारले, की आपण प्रार्थना का केली नाही?

“तिचा आनंद तिच्यापाशीच होता, बाळा. रडण्याखाली दबला होता. मेलेल्या मित्राला जिवंत उठवायला गेलेला प्रभूसुद्धा आधी त्याच्या कबरीच्या वाटेवर रडला. त्यानं केली नाही ती घाई तू का करावीस?”

थोडे चालून पाळक थांबले.

“माझा मुलगा गेला तेव्हा मलाही असंच, रडू नको म्हणून सांगितलं होतं. मी ऐकलं. अकरा वर्षं व्यासपीठावरून आनंद शिकवला, आणि घरी लेकाचं नाव घ्यायची छाती झाली नाही. त्याच्यासाठी काल पहिल्यांदा रडलो.”

शिष्याच्या ओठांवर शास्त्रातले एक वचन आले होते. ते त्याने गिळले.

“काय नाव होतं त्याचं?”

“अमोस,” पाळक म्हणाले, आणि डोळे पुसता पुसता त्यांना हसू आले.