एका हाताचा आरसा

"काच पातळ घेतली तर चंद्र वाकडा दिसतो, आणि जाड घेतली तर महाराजांना उचलवत नाही! आता करू तरी काय, भिवरे?" लिंबाजी काचारी डोक्याला हात लावून आपल्या बांगड्यांच्या भट्टीपुढे बसला.

झालं होतं असं. शेजारच्या राजाने घरच्या घरी दुर्बीण केली. नळीच्या तळाशी खोलगट आरसा, अन् आरशात धरलेला चंद्र! झालं, उंबरगडच्या महाराजांच्या पोटात दुखू लागलं. "आपला आरसा पंगतीच्या परातीएवढा हवा! आणि तो दोन हातांनी उचलतो ना? मी एका हाताने उचलणार!"

लिंबाजीने आधी पापडासारखी पातळ काच घासली. ती बापडी आपल्याच भाराने वाकली, आणि चंद्र दिसला दुधी भोपळ्यासारखा. मग त्याने पाट्यासारखी जाड काच घासली. चंद्र कसा गरगरीत! पण आरसा आणायला दोन हमाल.

दिवाण खाशेरावांचा डोळा होता भट्टीच्या जागेवर. तिथे त्यांना पेरूची बाग लावायची होती. ते हळूच म्हणाले, "महाराज, हुकूम तो हुकूम. पुनवेपर्यंत आरसा एका हाताने उचलला नाही, तर भट्टी विझवावी!"

"विझवा!" महाराज म्हणाले. त्यांचं काय जातंय?

लिंबाजीची लेक भिवरा मात्र म्हणाली, "बाबा, काच जाडच राहू द्या. उचलायचं मी बघते."

पुनवेला दरबार भरला. भिवराने कोठारातला धान्य जोखायचा मोठा ताजवा आणून चौकात टांगला. एका पारड्यात आरसा ठेवला. ते पारडं धपकन जमिनीला टेकलं. दुसरं पारडं वर गेलं, त्याच्याखाली तिने चौरंग ठेवला.

"अगं, हा काय बाजार मांडलास?" महाराजांनी विचारलं.

"आरसाच उचलायचाय, सरकार. पण इकडे थोडा भार हवा. दिवाणजी, बसता का जरा?"

"मी? मी काय धोंडा आहे?"

"छे, छे! धोंडा असता तर विचारत कशाला बसले असते?"

"बसा हो, खाशेराव!" महाराजांना घाई झाली होती.

दिवाण चौरंगावर चढून कसेबसे पारड्यात बसले. महाराजांनी आरशाच्या पारड्याखाली एक हात घातला, अन् आरसा अल्लद वर आला!

"फसवणूक!" दिवाण ओरडले. "महाराजांनी कुठे उचलला? सगळा मीच उचललाय!"

"ऐकलंत, सरकार?" भिवरा म्हणाली. "दिवाणजींनी बसल्या जागी उचलला, तोही हात न लावता! याहून हलका आरसा कुठून आणायचा?"

महाराज हसले, हसले, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले.

"मी उतरू का आता?" दिवाण कळवळले.

"खबरदार! आरसा फुटेल! भिवरे, भट्टीची जागा तुम्हाला इनाम, आणि तुला सोन्याच्या पाटल्या. आणि खाशेराव, दर पुनवेला पोटभर जेवून यायचं. एक घास कमी पडला, तर आरसा खाली!"