मोबाइलमधला बाप

एका गावात एक विद्यापीठ होतं आणि त्या विद्यापीठात नाटक शिकवायचे. तिथं हर्षाली घुले नावाची मुलगी दोन वर्षांसाठी शिकायला आली. येताना तिनं मोठ्या भावाला शब्द दिला होता. दोन वर्षांत एखाद्या नाटक कंपनीनं घेतलं तर ठीक. नाही घेतलं, तर गपगुमान परत यायचं आणि तहसील कचेरीसमोर त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं, त्यात बसायचं. पुन्हा नाटकाचं नाव काढायचं नाही. ती हो म्हणाली. आपण हरणार असं विशीत कुणाला वाटतं?

पहिल्याच दिवशी सगळ्यांना एकेक उतारा वाचायला दिला. हर्षाली उभी राहिली आणि घरी बोलतात तशीच वाचायला लागली. दोघीतिघी हसल्या. फार नाही, तोंडावर ओढणी धरून. दुसऱ्या दिवशी त्या विसरूनही गेल्या. हर्षाली विसरली नाही. तिनं मनाशी पक्कं केलं, आता यांच्यापुढं चूक म्हणून करायची नाही. आणि चूक करायची नसेल तर यांच्यात बसायचंच नाही.

त्या विभागात एक रीत होती. तालमीआधी अर्धा तास सगळ्यांनी रंगमंचावर गोल करून बसायचं. एकाच किटलीतला चहा प्यायचा. प्रत्येकानं आज रस्त्यात काय पाहिलं ते सांगायचं, आणि शेजारच्यानं ते ऐकून जसंच्या तसं परत सांगायचं. कुणी बस चुकलेला म्हातारा सांगे, कुणी भांडणारी भाजीवाली. चुकलं की हशा व्हायचा आणि चुकणाऱ्याला कप विसळावे लागायचे. शिकवणाऱ्या दिवेकर मॅडम म्हणायच्या, हाच खरा तास आहे. हर्षालीला तो टाइमपास वाटायचा. ती चहा संपल्यावर यायची आणि तालीम संपली की पहिली निघायची. मॅडमनी तिला दोनदा टोकलं, तिसऱ्यांदा सोडून दिलं. पहिल्या नंबरानं पास होणाऱ्या पोरीला कोण बोलणार? बोलायला पाहिजे होतं, पण नाही बोलल्या.

कारण पहिला नंबर तिचाच यायचा. तिनं स्वतःची एक युक्ती काढली होती. नाटकाच्या प्रवेशातल्या समोरच्या माणसाची वाक्यं ती आपल्याच आवाजात मोबाइलमध्ये भरून ठेवायची. मध्ये आपल्या वाक्यापुरती जागा सोडायची. मग हॉस्टेलच्या खोलीत समोर एक प्लास्टिकची खुर्ची ठेवायची, खुर्चीवर मोबाइल, आणि चालू करायचं. मोबाइल कधी वाक्य विसरत नाही. मोबाइल उशिरा येत नाही. मोबाइल हसत नाही. शंभर वेळा लावला तरी तसाच बोलतो. हर्षाली पण मग शंभर वेळा तशीच बोलायला लागली. कुठं श्वास घ्यायचा, कुठं मान वळवायची, कुठं डोळ्यात पाणी आणायचं, सगळं मोजून.

ही युक्ती सगळ्यांना ठाऊक होती, बाकी तिचं काय चाललंय हे कुणाला ठाऊक नव्हतं. मेसमध्ये ती भिंतीकडं तोंड करून जेवायची. वाढदिवसाला भावाचा फोन आला, तोही झेरॉक्सच्या शाईचा भाव सांगून त्यानं लगेच ठेवला. कधी कधी दिवसभरात तिच्याशी बोललेला एकच आवाज असायचा, आणि तोही तिचाच.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी एका नाटक कंपनीचे अण्णा पेठे येणार असं कळलं. ते मोठे दिग्दर्शक. नव्या नाटकाच्या दौऱ्यासाठी त्यांना इथून एकच जण घ्यायचा होता. हर्षालीला करून दाखवायला प्रवेश मिळाला तो बापलेकीचा. घर सोडून गेलेली मुलगी पाच वर्षांनी परत येते. बाप ओट्यावर जेवायला बसलेला. तो एवढंच विचारतो, ‘जेवलीस का?’ आणि ती म्हणते, ‘विचारलंत ना बाबा, पोट भरलं.’ बाप व्हायचा होता तन्वीर शेख. चांगला मुलगा, पण वाक्यं हमखास विसरणारा. दोन वर्षांत सगळ्यात जास्त कप त्यानंच विसळले असतील.

तन्वीर तिच्याकडं आला. म्हणाला, “घुले, एकदा माझ्यासोबत बस ना. फोनमधल्या माणसाची सवय झालीय तुला.”

“तुझं पाठ झालं की सांग,” ती म्हणाली आणि खोलीवर गेली. बापाचं वाक्य तिनं आपल्या आवाजात भरलं. त्या वाक्यानंतर चार सेकंद थांबायचं, मग बोलायचं. दोनशे वेळा केलं. एकदाही चुकली नाही.

पेठे आले. सकाळचे अकरा वाजले होते. पहिल्या दोन रांगा भरल्या. हर्षाली हातात पिशवी घेऊन रंगमंचावर आली, बरोबर सात पावलं चालली आणि बापासमोर उभी राहिली. तन्वीरनं मान वर केली. त्यानं तिच्याकडं नीट पाहिलं. दोन वर्षं ही पोर भिंतीकडं तोंड करून जेवताना त्यानं पाहिली होती. काय झालं कोण जाणे, त्यानं काही विचारलं नाही. आपल्या पुढ्यातलं ताट हळूच तिच्याकडं सरकवलं आणि बसायला जागा करून दिली.

पहिल्या रांगेतल्या पोरींनी श्वास रोखला. दिवेकर मॅडम पुढं वाकल्या.

हर्षाली चार सेकंद थांबली. मान वळवली. डोळ्यात पाणी आणलं. “विचारलंत ना बाबा,” ती म्हणाली, “पोट भरलं.”

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

पेठे उठून जवळ आले. शांतपणे म्हणाले, “पोरी, त्यानं विचारलंच नाही.”

“पण तिथं विचारायचं असतं. संहितेत आहे.”

“संहितेत आहे. समोर नव्हतं. समोर काय होतं?”

हर्षालीनं समोर पाहिलं. ताट होतं. तिच्या बाजूला सरकलेलं. ते तिला आत्ता दिसलं.

पेठ्यांनी तिला आणखी एक संधी दिली, मनात येईल तसं करा म्हणाले. या वेळी तन्वीर उठला आणि तिच्या हातातली पिशवी घ्यायला गेला. तिनं पिशवी घट्ट धरली, चार सेकंद थांबली आणि तेच वाक्य तशाच आवाजात म्हणाली. तिला दुसरं येतच नव्हतं. दोन वर्षांत तिला दुसरं कुणी काही बोललंच नव्हतं, म्हणजे तिनं बोलू दिलं नव्हतं.

पेठ्यांनी तन्वीरला घेतलं. वाक्यं आम्ही पाठ करून घेऊ, म्हणाले, बाकीचं याला येतं. तन्वीर तिच्याजवळ येऊन काही सांगू लागला. तिनं खिडकीकडं बघत अभिनंदन म्हटलं आणि तो काय सांगत होता ते राहून गेलं.

दुपारी सगळे गेल्यावर हर्षाली रिकाम्या रंगमंचावर येऊन बसली. खोलीत ती खुर्ची होती, तिच्यासमोर जावंसं वाटेना. गयाबाई झाडत होत्या. इथला रंगमंच झाडायचं काम त्यांच्याकडं वीस वर्षं होतं. झाडू तिच्या पायाशी आला तशा त्या थांबल्या.

“जेवलीस का गं?” त्यांनी विचारलं.

तोंडात उत्तर तयार होतं. दोनशे वेळा घोटलेलं, श्वासासकट. ओठापर्यंत आलं आणि तिथंच अडलं. चार सेकंद गेले. दहा गेले. गयाबाई झाडूवर हात टेकून उभ्याच होत्या. मोबाइल थांबत नाही, वेळ झाली की पुढचं बोलतो. या बाई थांबल्या होत्या.

“नाही,” हर्षाली म्हणाली. घरी बोलतात तसंच म्हणाली, आणि मग तिला रडू आलं. यात तिनं काही मोजलं नव्हतं.

गयाबाईंनी डबा उघडला. ज्वारीची भाकरी होती, वर ठेचा. अर्धी मोडून तिच्या हातात दिली. “मला वाटायचं तुला माणसं आवडत नाहीत,” त्या म्हणाल्या. “म्हणून कधी विचारलं नाही.”

दुसऱ्या दिवशी हर्षाली घरी गेली. शब्द दिला होता, तो पाळला. आता ती झेरॉक्सच्या दुकानात बसते. काचेवर जो कागद ठेवावा तोच मशीनमधून बाहेर येतो, कितीही वेळा. गिऱ्हाईक आलं की ती मशीनकडं हात नेत नाही. आधी मान वर करून त्याच्या तोंडाकडं बघते, त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबते, आणि मगच कागद मागते.

तात्पर्य: चुकायच्या भीतीनं जो माणसांतून उठून जातो, त्याची चूक होत नाही, पण उद्या कुणी मायेनं ताट पुढं केलं तर ते त्याला दिसतही नाही.