उदक सोडलेली पत्रे

एकदा एक शिष्य आश्रमाचा मेल सर्व्हर दुरुस्त करता करता तिसऱ्या दिवशी पार थकून गेला. जुना सर्व्हर बंद पडला, म्हणून त्याने सगळ्यांच्या पत्रपेट्या राखीव प्रतीवरून नव्यावर आणून ठेवल्या होत्या. तेव्हापासून येणारे प्रत्येक पत्र बाहेरच अडून राही आणि पडद्यावर एकच ओळ उमटे : परवानगी नाकारली.

स्वयंपाकघरातल्या गोदाक्का पदराला हात पुसत पाचव्यांदा डोकावल्या. त्यांचा मुलगा मालवाहू जहाजावर होता. समुद्रात वादळ झाल्याचे कळल्यापासून त्याची काहीच खबर नव्हती.

"आलं का रे माझ्या दिगंबरचं?"

"नाही अक्का."

"तुझ्या त्या खोक्याला आता नवस बोलू का?"

शिष्याला हसूही आले नाही. वैतागून त्याने प्रत्येक पेटीची फाइल सर्वांना वाचायला-लिहायला मोकळी करून टाकली. सर्व्हरने त्या सताड उघड्या पेट्याही असुरक्षित ठरवून नाकारल्या. मग तो उठला आणि वृद्ध गुरूंपुढे जाऊन बसला.

"गुरुजी, आता माझ्याच्याने होत नाही."

गुरूंनी सगळे ऐकून घेतले. पूजेतली पळी उचलून त्याच्या तळहातावर पाणी घातले. "सोड ताम्हनात."

"अहो, मी सर्व्हरचं सांगतोय!"

"मीही तेच सांगतोय बाळा. दान देताना आपण उदक का सोडतो? त्या वस्तूवरचं आपलं स्वामित्व सुटावं म्हणून. तू पेट्या ठेवल्यास त्या कोण होऊन?"

"रूट होऊन. सर्वाधिकारी."

"म्हणून त्या तुझ्याच नावावर राहिल्या. ज्याचं पत्र, त्याच्याच नावानं सर्व्हरची टपालसेवा पेटी उघडते. तुझ्या पेटीत ती हात कसा घालील? तू कुलपं काढलीस, मालकी मात्र सोडली नाहीस. वर लोकांची खासगी पत्रं चव्हाट्यावर मांडलीस. आधी दारं लाव. मग ज्याचं त्याला देऊन टाक."

शिष्याने तसे केले. एकेका पेटीची मालकी ज्याच्या त्याच्या नावे झाली, तशी अडलेली पत्रे आत उतरू लागली. त्यांत दिगंबरचेही होते. सर्वाधिकार अजून शिष्याच्या हाती होता. एक बोट हलवायचा अवकाश, मजकूर समोर आला असता. बातमी बरी की वाईट, या विचाराने त्याचा जीव कासावीस झाला. पण तो रूटमधून बाहेर पडला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी गेला.

"अक्का, तुमचं पत्र आलंय. चला, उघडा."

अक्कांनी येऊन आपली पेटी उघडली आणि डोळे मिटून घेतले. "मला नाही बघवत. तूच वाच रे."

तेव्हाच त्याने पडद्याकडे पाहिले. "आई, बंदराला लागलो. मी बरा आहे."