डिकीतला हार

गाडीचे भाग एकमेकांशी बोलत, त्या काळची गोष्ट. दसऱ्याच्या पूजेपासून शेडमध्ये उभ्या गाडीची बॅटरी खंगत चालली होती. उद्या सूनबाईंना बाळंतपणासाठी न्यायचं होतं. शक्ती हाच खातो म्हणून सगळ्यांनी रेडिओला धारेवर धरलं.

"भांडू नका," बॅटरी म्हणाली. "एकेकानं गप्प बसा, शक्ती कुठे जाते ते मी बघते."

रेडिओ, हॉर्न, घड्याळ गप्प झाले, तरी शक्ती झिरपतच होती. बॅटरी हटली नाही. शेवटी डिकीतला दिवा जळताना सापडला.

"झाकण पुरतं लागल्याशिवाय मी विझत नाही," दिवा म्हणाला.

"फटीत पूजेचा हार अडकलाय," झाकण पुटपुटलं. "चुरगळेल."

"मग सूनबाईंना हारच नेईल का?" बॅटरीनं विचारलं.

झाकण खाड्कन बसलं. दिवा विझला.

सकाळी गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली. मागे रस्ताभर झेंडूच्या चुरगळलेल्या पाकळ्या पडत गेल्या.