टेकडीवरचा आवा

फार फार जुनी गोष्ट, तुमच्या-आमच्या पणजोबांच्याही आधीची. एका टेकडीखाली दोन वाड्या होत्या. जवळची कुंभारांची, तिच्या पलीकडची रंगाऱ्यांची. राजा लांब राहायचा आणि पाटील म्हणून कुणी नव्हताच. तरी त्यांचं बरं चाललं होतं. पाटलावाचून गाव बुडतं, असं फक्त पाटलांनाच वाटतं.

काही ठरवायचं झालं की वाडीतले सगळे गोल करून बसत. दुसऱ्या वाडीचंही एक माणूस त्या बैठकीत कायम असे. तिथे हात मोजत नसत. कुणाला काय आवडतं, हेही विचारत नसत. एकच प्रश्न सगळ्यांपुढून फिरे, "यात तुझं काही अडतं का?" अडत नसेल तर काम सुरू. अडत असेल तर काय अडतं ते सांगायचं आणि सगळ्यांनी मिळून वाट काढायची.

एका वर्षी कुंभारांच्या आव्यात, म्हणजे मडकी भाजायच्या भट्टीत, खालून ओल चढली. एका तरुण कुंभाराची सगळी मडकी तडकली. घरात बायको बाळंतीण, आणि मडकी देऊन धान्य आणायचं तर हातात नुसत्या खापऱ्या. पुढचाही आवा वाया गेला असता तर घरात चूल पेटली नसती.

तो बैठकीत म्हणाला, "आवा टेकडीवर हलवू. तिथे जमीन कोरडी आहे. मडकी रचून झाली की सकाळीच पेटवू."

प्रश्न फिरू लागला. एक म्हातारा कुरकुरला, "मला नाही पटत. आवा खालीच बरा."

बैठक चालवणाऱ्या आजींनी विचारलं, "पटत नाही, की अडतं?"

म्हाताऱ्याने डोकं खाजवलं. "अडत तसं काही नाही. चढ चढायचा कंटाळा येतो."

"मग चालेल?"

"चालेल की."

शेवटी रंगाऱ्यांच्या वाडीची बाई उरली. त्या तरुणाचा उतरलेला चेहरा बघून ती घुटमळली, पण बोलली. "माझं अडतं. दिवसा वारा टेकडीवरून आमच्या माळाकडे येतो. वाळत घातलेली कापडं धुराने काळी पडतील."

तरुण उसळला. "इथे आमच्या पोटाचा प्रश्न, आणि हिला कापडांची पडलीय. आम्ही इतके जण एकीकडे आणि ही एकटी."

"अरे, एकटीचं अडलं तरी कळावं, म्हणूनच तिला इथे बसवलंय," आजी म्हणाल्या. मग बाईकडे वळल्या. "बोललीस ते बरं केलंस. आता सांग, कसं केलं तर तुझं अडणार नाही?"

बाई म्हणाली, "दिवस मावळला की वारा नदीकडे फिरतो. तेव्हा पेटवा, माझी हरकत नाही."

"एकदा तसं करून बघू. जमलं नाही तर पुन्हा बसू," आजी म्हणाल्या.

प्रश्न पुन्हा फिरला. तरुणाने तोंड वाकडं केलं, पण अडतं म्हणायला त्याच्याकडेही काही नव्हतं.

दिवस मावळल्यावर आवा पेटला. निवल्यावर मडकी काढली, तर सगळी खणखणीत. तरुणाचा जीव भांड्यात पडला.

त्याच दुपारी वारा सुटला. त्याने टेकडीवरची राख उचलली आणि कुंभारवाडीवर आणून टाकली. तरुण घरी आला तर गवताचं छप्पर राखेने भरलेलं, आणि आत बाळ झोपलेलं. त्याने छपरावरून हात फिरवला. राख गार होती. आवा दिवसा पेटला असता तर याच वाऱ्याने निखारे आणले असते. आजवर आवा घरांच्या खाली असायचा, त्यामुळे हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

सगळ्यात चांगलं मडकं घेऊन तो रंगाऱ्यांच्या वाडीत गेला. "आक्का, माझं घर वाचवलंत तुम्ही. मी मात्र तुम्हाला नाही नाही ते बोललो."

बाई गोंधळली. "मी तर माझ्या कापडांसाठी बोलले होते रे."

"हो, पण तुम्ही भिडेपोटी गप्प बसला असता, तर आज माझं बाळ नसतं," तो म्हणाला, आणि मडकं तिच्या हातात ठेवलं.

तेव्हापासून कुंभारवाडीत रीतच पडली. ज्याने बैठकीत 'माझं अडतं' म्हटलं असेल, त्याच्या घरी आव्यातलं पहिलं मडकं जायचं. आपल्याकडे अशा माणसाला काय मिळतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

बोध: आपल्या कामात अडचण दाखवणाऱ्यावर रागावू नये, आधी त्याचे आभार मानावेत, तो स्वतःचं राखताना आपलंही राखत असतो.